दुधातलं पाणी

मी डिग्री बोलतेय! नाही हो, चौकटीत घालून भिंतीवर टांगतात ती नव्हे. मी दुधात उडी मारणारी. कागदोपत्री माझं नाव लॅक्टोमीटर, पण बोरदरे गावात ते कुणाच्याच जिभेला वळलं नाही. दुधाची डिग्री मोजते म्हणून मीच डिग्री. गावात बी.एस्सी. झालेले चौघे आहेत. पण संध्याकाळी डेअरीवर "डिग्री आणा" अशी हाक आली की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतात. केवढी ऐट होती मला त्याची!

आधी माझं रूप सांगते. मी काचेची, वीतभर लांबीची. खाली गोल पोट, पोटात शिशाचे छर्रे, वर बारीक मान आणि मानेत आकडे छापलेली कागदाची पट्टी. दुधाच्या नळकांड्यात सोडलं की मी दोनदा वरखाली होते आणि थांबते. दूध दाट असेल तर माझी मान उंच राहते. कुणी पाणी घातलेलं असेल तर मी गळ्यापर्यंत खाली जाते. एवढंच माझं शिक्षण, पण तेवढ्यावर मी सबंध गावाला घाबरवून होते.

माझा जन्म अंबाल्याचा. एका कारागिरानं तोंडानं फुंकून माझं पोट केलं, छर्रे मोजून भरले आणि मान बंद करायच्या आधी आतल्या पट्टीवर एकदा डोळे किलकिले करून नजर टाकली. त्यानं काय वाचलं ते मला कळलं नाही. स्वतःच्या मानेवरचं कुणाला वाचता येतं का? मग पेंढ्यात गुंडाळून, खोक्यात बसून, कुठल्या कुठल्या गाड्या बदलत मी धुळ्याच्या एका दुकानात आले. तिथून मला हसीबभाईनं उचललं.

हसीबभाई पारोळ्याचा. घरचा धंदा सायकल दुरुस्तीचा, पण ह्याचा जीव दुधात. बोरदऱ्याच्या दूध संकलन केंद्रावर, म्हणजे गावच्या भाषेत डेअरीवर, तो सकाळ-संध्याकाळ मोटरसायकलनं यायचा. धुळ्याहून जळगावकडे जाताना पारोळ्याच्या अलीकडे डाव्या हाताला एक फाटा लागतो, तेच आमचं गाव. पत्र्याच्या नळीत घालून तो मला शर्टाच्या वरच्या खिशात ठेवायचा. पेन विसरेल, मोबाइल विसरेल, मला विसरला नाही. सहा वर्षं मी त्याच्या छातीशी राहिले.

आणि माणसं! मला बघून काय काय करतात माणसं! पाणी घातलेला गडी हमखास हवापाण्याच्या गप्पा काढतो. न घातलेलाही उगीच घसा साफ करतो. एक सासू-सुनेची जोडी यायची. दूध सासूनं काढलेलं असेल तर सून हसायची आणि सुनेनं काढलेलं असेल तर सासू. मी आत वरखाली होत असले की दहा-बारा माणसं श्वास धरून उभी असायची. मला तर प्रत्येक संध्याकाळ जत्रेसारखी वाटायची.

मग गावात दुधाचा पूर आला. जीवराम नानांकडे आधी चार गाई होत्या. चाराच्या दहा झाल्या, दहाच्या पंचवीस, आणि बघता बघता काळ्या-पांढऱ्या, थोराड, विदेशी बेचाळीस! पत्र्याचा लांबलचक गोठा, त्यात पंखे, पंख्यांतून पाण्याचे फवारे, दूध गार करायचं मोठं यंत्र. नाना डेअरीचे चेअरमनही झाले. मी किती हरखले होते! दूध, दूध आणि दूध! दिवसातून किती बुड्या मारल्या त्याची मोजदाद राहिली नाही.

एवढ्या गाईंना चारा हवा. गावाबाहेरच्या गायरानात बोरी-बाभळी होत्या, त्या गेल्या आणि तिथं हत्तीगवत आलं. पुरुषभर उंच, हिरवंगार, पण तहानलेलं. त्याला पाटानं पाणी सोडावं लागे. विहीर पुरेना म्हणून बोअर घेतली, ती आटली म्हणून दुसरी, असं करत सात. गोठा रोज नळीनं धुवायचा. ते शेणामुताचं पाणी नाल्यात जाई आणि नाल्याच्या काठावरच वस्तीची विहीर. एके दिवशी आरोग्य खात्याची माणसं आली, पाणी बाटलीत भरून घेऊन गेली आणि पंधरा दिवसांनी विहिरीवर लाल रंगानं फुली मारून गेली. पाणी पिण्यालायक नाही. तेव्हापासून वस्तीला टँकर, आणि यंदा तर त्या विहिरीत नुसता गाळ उरला. हे सगळं मी डेअरीवरच्या गप्पांमधून ऐकत होते, पण खरं सांगू? मला त्याचं काही वाटलं नाही. माझा संबंध फक्त दुधातल्या पाण्याशी, असं मी समजत होते.

त्या वस्तीवर लिलाबाई राहायची. डेअरी सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या अकरा सभासदांतली एक. नवरा भिका जळगावला पाइपच्या कारखान्यात, आठवड्यानं एकदा घरी. दोन गाई, अर्धा एकर दादर ज्वारी आणि घर, हे सगळं तिच्या एकटीवर. संध्याकाळचं दूध काढलं की ती डोक्यावर किटली घेऊन दोन किलोमीटर चालत यायची. किटलीला ओलं पोतं गुंडाळलेलं असायचं.

"जय भीम, भाई. देख तुनी डिग्री, आज काय सांगस ती."

"सलाम, अक्का. देखा, अठ्ठावीस! तुमनं दूध म्हंजे दूध."

हे त्यांचं रोजचं बोलणं. लिलाबाईच्या दुधात माझी मान अशी ताठ राहायची की मलाच माझं कौतुक वाटायचं. सव्वीसच्या खाली दूध आलं तर डेअरी ते घेत नाही. लिलाबाईला सव्वीसची रेघ कधी बघावीच लागली नव्हती.

आणि मग ह्या वर्षीचा एप्रिल आला. खान्देशातलं ऊन तुम्हाला ठाऊक असेल तर मी काय सांगू, आणि ठाऊक नसेल तर सांगून कळायचं नाही. पारा चव्वेचाळीसवर. डेअरीचा पत्रा कडकड वाजायचा. अशा एका संध्याकाळी हसीबभाईनं मला लिलाबाईच्या दुधात सोडलं. मी नेहमीप्रमाणे उडी मारली, वर आले, खाली गेले, आणि... खालीच राहिले.

हसीबभाई वाकला. चष्मा पुसून पुन्हा वाकला.

"अक्का, पंचवीस बी पुरं नही."

"नीट देख ना, भाई."

"दोनदाव देखं."

मागं उभे असलेले लोक एकमेकांकडे बघू लागले. मग कुणीतरी खाकरलं. लिलाबाईनं किटली उचलली आणि आली तशी परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं दूध चांगलं सत्तावीस. संध्याकाळी पुन्हा पंचवीसच्या खाली! तिसऱ्या दिवशी तेच. मी काय करू? मला वाटेल तसं थोडंच थांबता येतं? दूध जिथं धरील तिथं मी थांबते. पण दोन वेळा नापास झाल्यावर डेअरीचा नियम निघाला. आमच्याकडे दाराशीच एक काळा फळा आहे. वर पांढऱ्या रंगानं पक्कं लिहिलेलं, 'दुधात पाणी टाकणारे', आणि खाली खडूनं नावं. ज्याचं नाव लागेल त्याच्याकडे महिनाभर लोक बघून न बघितल्यासारखं करतात. तीनदा नाव लागलं की सभासदत्व रद्द. आणि ज्या घरचं दूध डेअरीनं परत पाठवलं ते चहाचा टपरीवालाही घेत नाही. मग गाई बाजारात उभ्या करण्यावाचून काय उरतं?

लिलाबाईचं नाव फळ्यावर लागलं. लगेच दुसऱ्यांदाही लागलं.

"सकायले पास, संध्याकायले नापास," नाना खुर्चीवरून म्हणाले, "येनामा काय ते समजी ल्या."

लोकांनी लगेच समजून घेतलं. लोकांना दुसऱ्याचं काही समजून घ्यायला वेळ लागत नाही. मला मात्र पटत नव्हतं. सहा वर्षांत जिचं दूध एकदाही सव्वीसला टेकलं नाही, ती बाई एकाएकी चोर कशी होईल? पण आकडा माझा होता. मी दाखवला होता. माझ्यावर अविश्वास दाखवायला माझ्याजवळच कारण नव्हतं.

आता तो गुरुवार ऐका! तो गुरुवार मी जन्मात विसरणार नाही!

गुरुवारी आमच्याकडे पशुवैद्यकीय दवाखान्याच्या स्नेहल मॅडम यायच्या. मूळच्या असोद्याच्या, वय तिशीच्या आतलं, चालणं भराभर आणि बोलणं त्याहून भराभर. गाईंना लसी टोचून त्या डेअरीच्या ओट्यावर टेकल्या होत्या. तेवढ्यात लिलाबाई आली. घामानं निथळत होती. किटली खाली ठेवली आणि फळ्याकडे पाठ करून उभी राहिली.

हसीबभाईनं मला दुधात सोडलं. सगळे पुढं सरकले. मी खाली, खाली, आणखी खाली.

"पंचवीसना खाल," हसीबभाई पुटपुटला. त्याचा आवाज इतका बारीक झाला की मलाच जेमतेम ऐकू आला.

नाना उठले. नानांना राग आला की ते अहिराणी बोलतात आणि अधिकार आठवला की शुद्ध मराठी. त्या दिवशी ते शुद्ध बोलले. "हसीब, नियम तो नियम. तिसरी वेळ आहे. नाव लिहा."

हसीबभाईनं खडू घेतला. हात पुढं जाईना.

तेव्हा लिलाबाई वळली. तिनं आवाज चढवला नाही.

"नाना, दूधमा टाकाले आधी पानी लागस ना? चला मना घर. बठ्ठा हंडा देखा. पाच दिनपाइन वस्तीवर टँकर नही. पेवाले पानी नही, ते दूधमा टाकाले मी कथाइन आनू?"

पुढं सरकलेले सगळे एकेक पाऊल मागं झाले. वर पत्रा कडकड वाजत होता. मी नळकांड्यात गळ्यापर्यंत बुडलेली, आणि मला प्रथमच वाटलं की बुडून जावं. खरंच की! जिथं घोटभर पाणी नाही तिथं दुधात ओतायला पाणी येणार कुठून? इतकी साधी गोष्ट, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती.

स्नेहल मॅडम उठल्या. त्यांनी किटलीला हात लावला आणि चटकन मागं घेतला.

"हसीबभाई, ही तापलीय केवढी! दुधाचं तापमान किती बघता तुम्ही?"

"तापमान? ते कशाले?"

मॅडमनी पिशवीतून थर्मामीटर काढला. झालं! एकच गलका. कारण जनावरांचा थर्मामीटर कुठं लावतात हे गावात कुणाला सांगायला नको.

"ओ मॅडम!" नाना ओरडले. "दुधात घालू नका ते!"

"हा लसीच्या पेटीतला, नाना, जनावराला लावायचा नव्हे. आणि नवाच आहे. डबीचं सील तुम्हीच फोडा."

नानांनी सील फोडलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझी ही काचेची बहीण माझ्याशेजारी दुधात उतरली आणि थोड्या वेळानं मॅडमनी तिला उजेडात धरून वाचलं, "एक्केचाळीस!"

मग त्यांनी मला उचललं, पुसलं आणि माझी मान हसीबभाईच्या चष्म्याजवळ नेली. "वाचा. आकड्यांच्या वर, बारीक अक्षरात."

हसीबभाईनं एकेक अक्षर लावत वाचलं. "सत्तावीस अंश..."

"दूध सत्तावीस अंशाला असेल तेव्हाच ही खरं बोलते," मॅडम म्हणाल्या. "दूध तापलं की पातळ पडतं, आणि ही बिचारी खाली जाते. चौदा अंश जास्त आहे हे. त्याचा हिशेब धरायचा असतो."

"सहा सालपाइन तिनी मान देखस मी," हसीबभाईनं कपाळाला हात लावला, "आन हाई कधी वाचं नही."

म्हणजे खोटं मी बोलत होते! मी! एक डिग्री उन्हाची, एक डिग्री दुधाची, आणि दोन्हींच्या मधे एका बाईचं नाव मातीला मिळत होतं. आजवर कुणाला लाज वाटावी म्हणून मी वापरली गेले. त्या दिवशी मला वाटली.

"पण आधी अठ्ठावीस कशी यायची, अक्का?" मॅडमनी विचारलं.

लिलाबाईनं किटलीकडे बघितलं. "आधी किटलीले वल्लं पोतं गुंडायेल राहे," ती म्हणाली. "यंदा पोतं वल्लं कराले पानी कथं शे?"

बघा! बघा तुम्ही! पाणी होतं तोवर तिच्या दुधात पाणी निघत नव्हतं. पाणी संपलं आणि दुधात पाणी निघालं! गायरानातली सावलीही गेलेली, त्यामुळे दोन किलोमीटर उघड्या उन्हात ती किटली नुसती भाजत यायची. नानांचं दूध गोठ्यातल्या यंत्रात गार होऊन यायचं, म्हणून ते कायम पास. जवळच्या घरांची किटली सावलीतून पाच मिनिटांत पोचायची, म्हणून तीही कशीबशी तरून जायची.

"बोलायला सोपं आहे," नाना म्हणाले. "दाखवा करून."

"दाखवते. किटली गार पाण्यात ठेवायला हवी. दोन बादल्या पाणी द्या कुणीतरी."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. डेअरीचा माठ रिकामा. यंदा विहिरी आटल्यामुळे आजूबाजूच्या घरांतही टँकरचीच वाट. कुणी नाही म्हणेना आणि कुणी हलेना. हळूहळू सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. दोन बादल्या पाणी अख्ख्या गल्लीत एकाच ठिकाणी होतं.

नानांच्या ते लक्षात आलं. त्यांचा चेहरा जरा उतरला, पण माणूस पाठ दाखवणारा नव्हे. त्यांनी गोठ्याकडे तोंड करून गड्याला हाक मारली, आणि दूध गार करायच्या यंत्रातलं थंडगार पाणी आलं. मोठ्या घमेल्यात पाणी, पाण्यात किटली. मॅडम पळीनं दूध ढवळताहेत, थर्मामीटर बघताहेत. अडतीस. चौतीस. कुणी घरी जाईना. ज्यांचं दूध कधीच मापून झालं होतं तेही थांबले. एकतीस. अठ्ठावीस. सत्तावीस!

हसीबभाईनं मला दोन बोटांत धरलं. मी उडी मारली. खाली गेले, वर आले. पुन्हा खाली, पुन्हा वर. अरे, वर! मी वरच राहिले! पंचवीसची रेघ दुधाबाहेर, सव्वीसची दुधाबाहेर, सत्तावीसची दुधाबाहेर!

"साडेसत्तावीस!" हसीबभाई असा ओरडला की बाहेर बांधलेली बकरी दचकली.

काय सांगू तुम्हाला! बायकांनी लिलाबाईला मिठ्या मारल्या. काल ज्यांनी तिच्याकडे बघितलं नव्हतं तेच आज सगळ्यांत पुढं. हसीबभाई तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "अक्का, गलती मनी शे. माफ करजो."

"तुनी एकलानी नही, भाई," ती म्हणाली. मग ती नानांकडे वळली. तिनं घमेल्याकडे बोट दाखवलं.

"नाना, हाई पानी मना दूधना भायेर शे. आते तुमी सांगा, तुमना दूधमा कितलं शे?"

"मना दूधमा?" नाना उसळले. शुद्ध मराठी कुठल्या कुठं गेली. "एक थेंब नही!"

"मोजायचं का?" स्नेहल मॅडम म्हणाल्या.

"मोजा!" नानांनी छाती पुढं काढून सांगितलं. नक्की काय मोजायचंय हे तेव्हा त्यांना कळलं नव्हतं. मलाही नाही.

त्याच धांदलीत माझा घात झाला. आनंदाच्या भरात कुणाचा तरी कोपर टेबलाला लागला, नळकांडं आडवं झालं आणि मी घरंगळत फरशीवर. हसीबभाईनं लगेच उचललं. फुटले नाही म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण माझ्या पोटाला केसाएवढी चीर गेली होती, ती कुणाला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय गंमत झाली म्हणता! पहिलं दूध तेवीस. दुसरं बावीस. नानांचं, यंत्रातून गार होऊन आलेलं दूध, एकवीस! मॅडमनी ठेवून दिलेला थर्मामीटर तर सत्तावीस दाखवतोय. नाना तांबडेलाल. अख्खं गाव पाणी घालणारं ठरलं. शेवटी हसीबभाईनं मला उजेडात धरून हलवलं, तेव्हा माझ्या पोटात छर्र्यांबरोबर दूध डचमळताना दिसलं. चिरेतून आत शिरलं होतं. सगळे पोट धरून हसले. मी मात्र समजून चुकले की माझी नोकरी संपली.

तरी सवयीनं हसीबभाईनं मला खिशात घातलं, आणि म्हणून पुढचं मला बघायला मिळालं. त्याच दिवशी मॅडम मुद्दाम पुन्हा आल्या, त्यांनी नानांच्या चालू बोअरच्या पाइपाखाली दोनशे लिटरचं पिंप ठेवलं आणि घड्याळ धरलं. सव्वा मिनिटाच्या आतच पिंप भरलं. म्हणजे तासाला दहा हजार लिटर. मोटर चालते रोज आठ तास. गाईंचं पिणं, धुणं, फवारे आणि हत्तीगवत मिळून ऐंशी हजार लिटर. आणि दूध? दिवसाला चारशे लिटर.

हसीबभाईनं मोबाइलवर भागाकार केला. आकडा वाचायच्या आधी त्यानं एकदा नानांकडे बघितलं. "एक लिटरले दोनशे लिटर, नाना."

मग वस्तीवर टँकर आला तेव्हा सगळे लिलाबाईकडे गेले. टंचाईत तिच्या दोन गाईंचं पिणं जमेल तसं चालायचं. आता मॅडमनी बादलीबादलीनं मोजलं. दोघी मिळून एकशे तीस लिटर पाणी पितात, दहा लिटर दूध देतात. चारा म्हणजे दादरीचा कडबा. लिटरमागं तेरा. "कडब्याला पावसानं पाजलं ते निराळं," मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं, "आणि नाना, तुमच्याकडे बाहेरून येणाऱ्या ढेपेला लागलेलं पाणीही मी धरलेलं नाही."

नानांनी मोबाइलवरचा आकडा पुन्हा एकदा बघून घेतला. त्यांची बाजूही मला सांगायलाच हवी. माणूस लबाड नव्हता. चार गाईंपासून त्यांनी राबून हे उभं केलं होतं आणि गोठा वाढला की गाव वाढतं असं मनापासून मानलं होतं. दूध मोजायला त्यांच्याकडे मी होते. पाणी मोजायला काहीच नव्हतं. ते जमिनीतून येत होतं आणि येतच राहील असं वाटत होतं.

आता फळा बघा! हसीबभाईनं लिलाबाईचं नाव पुसलं, तेव्हा तिनं त्याचा हात धरला. म्हणाली, नुसतं नाव नको, वरचा 'टाकणारे' हा शब्दही काढ. रंग खरवडून तो शब्द गेला. वर उरलं, 'दुधात पाणी'. खाली आता सगळ्याच सभासदांची नावं लागतात, आणि नावापुढं त्याच्या एका लिटर दुधामागं किती पाणी गेलं तो आकडा. सगळ्यांत वर, जीवराम नाना, दोनशे!

पहिले चार दिवस नाना डेअरीवर आलेच नाहीत. पाचव्या दिवशी आले, फळ्यासमोर उभे राहिले आणि हसीबभाईला हळूच विचारलं, "मनं नाव खाल कसं यी रे?"

अहो, तिथून जी चुरस लागली! गोठा नळीनं धुणं बंद. आधी फावड्यानं शेण ओढायचं. शेण नाल्याऐवजी गोबरगॅसच्या खड्ड्यात. जळगावहून नळ्या आणून हत्तीगवताला थेंबाथेंबानं पाणी, आणि अर्ध्या गवताच्या जागी दादर पेरायचं ठरलं. भाकड गाई ठेवायच्या नाहीत, नव्या आणायच्या नाहीत. बेचाळीसच्या तीस झाल्या. दर गुरुवारी मॅडम पिंप आणि घड्याळ घेऊन येतात आणि नाना आदल्या दिवसापासूनच अस्वस्थ असतात. दोनशेचे एकशे साठ झाले. मग एकशे दहा! त्या दिवशी नानांनी पेढे वाटले. कुरकुर अजून करतात, "दूध कमी झालं" म्हणून. झालंय खरंच, थोडं. पण आठव्या बोअरची गाडी फाट्यापर्यंत येऊन परत गेली, आणि त्यांच्या बोअरवरून वस्तीला एक नळी गेली आहे. सकाळी एक तास पाणी येतं. विहिरीवरची लाल फुली अजून तशीच आहे. जमिनीत मुरलेलं दोन पावसाळ्यांत धुऊन निघेल की चार, हे मॅडमनाही सांगता येत नाही.

डेअरीत आता नवी डिग्री आहे. तिच्याशेजारी दोरीनं थर्मामीटर टांगलेला असतो. हसीबभाईनं मला टाकून द्यायला काढलं, तेव्हा लिलाबाईनं मागून घेतलं. जिच्या नावाला मी काळं फासलं तिनं! लोक म्हणाले, फुटकी डिग्री काय करशील? ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. शेवटले खरं बोलनी ती."

आता मी तिच्या गोठ्याच्या खिडकीत असते. पोटात वाळलेलं दूध, मानेवर धूळ. मला तिची माफी मागायची आहे, पण काचेला कुठलं तोंड! ती रोज संध्याकाळी किटलीला ओलं पोतं गुंडाळते, माझ्याकडे बघून हसते आणि निघते. चालताना तिची मान ताठ असते. ते बघितलं की वाटतं, जन्मभर मारलेल्या बुड्यांपैकी एक तरी कामी आली.

आणि तुम्ही! तुमच्याकडेही सकाळी दूध येत असेल. आजवर दूधवाल्याला तुम्ही एकच विचारत आलात, "पाणी घातलं नाही ना?" माझ्या जातीच्या लाखो जणी तेवढंच सांगायला शिकल्यात. दूध व्हायला जमिनीतून किती पाणी उपसलं ते दाखवील अशी डिग्री अजून कुठल्याच कारखान्यात फुंकली गेलेली नाही. तेवढ्यापुरती तुम्हीच डिग्री व्हा. उद्या त्याला विचारा, "भाऊ, ह्या लिटरला पाणी किती लागलं?" तो गोंधळेल. छातीवर हात ठेवून सांगेल, पाणी? एक थेंब नाही!

त्याच्यावर रागावू नका. परवा पुन्हा विचारा.